मोरीतला महादेव

पाऊस जाऊन महिना उलटला, दिवाळीचे आकाशकंदील उतरले, पहाटे तोंडातून वाफ निघायला लागली, तरी अमोलच्या झोपायच्या खोलीतल्या छताची ओल काही हटेना. पावसाळ्यात असती तर कोणी मनावर घेतलं नसतं. पावसाळ्यात कोणाचं छत गळत नाही? पण आता आभाळ कोरडं ठणठणीत, आणि पाळण्याच्या वर अगदी कोपऱ्यात पोळपाटाएवढा काळपट डाग, दिवसागणिक पसरणारा. पाणी वरच्या घरातून येतंय हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. वरच्या घरात नेमकं कुठून, एवढाच काय तो प्रश्न होता.

वरच्या घरात खंडेराव मंडलिक आणि त्याची बायको चतुराबाई, दोघंच राहत. आणि आता लपवून काय करायचं, खंडेरावाला ते ‘नेमकं कुठून’ पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. अमोल जिना चढून आला, “काका, आमच्या छताला ओल आलीय, तुमच्याकडे कुठे गळतंय का जरा बघता का?” असं अदबीनं म्हणाला, तेव्हा खंडेरावानं स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. आणि तोंडानं म्हणाला, “बघतो ना. गच्चीवरची टाकी गळत असंल. पाणी कुठनं कुठं जातंय, काय सांगावं.”

माणसाला एक खोटं पचलं की दुसऱ्याची भीती वाटेनाशी होते. खंडेरावाचं पहिलं खोटं वर्षभरापूर्वीचं होतं, आणि ते टाकीबिकीचं नव्हतं.

ही अंजनी अपार्टमेंट उभी होती ती जमीन मुळात खंडेरावाची आणि त्याच्या भावांची. मखमलाबाद रस्त्याला त्यांचा मळा होता. कोबी, मेथी, कोथिंबीर, बांधानं झेंडू. पहाटे टोपल्या भरायच्या आणि उजाडायच्या आत पंचवटीच्या बाजारात जाऊन बसायचं, हे त्यांचं आयुष्य. मग शहर चालत चालत बांधापर्यंत आलं, त्याच्या मागून बिल्डर आला, भावांनी सह्या केल्या, खंडेरावानंही केली. विहीर बुजली, मळ्यावर स्लॅब पडला आणि खंडेरावाच्या वाट्याला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आला. विहिरीच्या काठावर एक महादेव होता. काळ्या दगडाची पिंड, तान्ह्या पोराएवढी जड. विहीर बुजवायच्या दिवशी चतुराबाईनं ती पदरात घेतली आणि कोणाला हात लावू न देता वर आणली.

त्यांना एकच मुलगा, समाधान. नवसासायासानं, उशिरा झालेला. मळा गेल्यावर पोरगं रिकामं झालं. भाजी लावणं येत होतं आणि भाजी लावायला वावर नव्हतं. कोणीतरी सांगितलं, मनमाडला रेल्वेच्या ठेकेदाराकडे माणसं घेतायत, म्हणून तो गेला. पहिल्या आठवड्यात किराणावाल्याच्या फोनवर त्याचा फोन आला, नंतर काहीच नाही. आणि मग एका दिवशी चौकीचा शिपाई दारात. मनमाडच्या पुढं नांदगावच्या अंगाला रुळाशेजारी एक जण सापडलाय, वय-उंची जुळतेय, ओळख पटवायला या.

खंडेराव निघायच्या आधीच चतुराबाईनं महादेव कोंडला.

तिच्या माहेरी, दिंडोरीच्या पलीकडं, पावसानं ओढ दिली की गाव महादेवाला कोंडतं. गाभाऱ्याची न्हाणी, म्हणजे पाणी जायचं भोक, बोळा ठोसून बुजवतात, घागरींनी पाणी भरतात, पिंड बुडली की दार लावून घेतात. देव पाण्यात गुदमरतो, आणि गुदमरला की माणसाचं काम करतो, असा तो रोखठोक मामला. पाऊस पडला की देव बाहेर. काम व्हायच्या आधी कोणी बोळा काढला, तर होत आलेलं कामसुद्धा उलटं फिरतं. चतुराबाईच्या लहानपणी एका म्हाताऱ्यानं पाणी वास मारतंय म्हणून मधेच बोळा उपसला होता. दिंडोरीवर दाटून आलेले ढग निफाडाकडं निघून गेले, आणि त्या म्हाताऱ्याच्या हातचं पाणी मरेपर्यंत कोणी प्यालं नाही.

फ्लॅटात गाभारा कुठून आणायचा? पण स्वयंपाकघरात ओट्याच्या शेजारी मोरी होती. पायरीभर खोल, कडेला न्हाणी. तिनं ती घासली, गोमूत्र शिंपडलं, न्हाणीत चिंधी आणि चिकणमातीचा बोळा ठोसला, उंबऱ्यावर विटा रचून कड उंच केली, मधोमध पिंड ठेवली आणि समाधानचं नाव घेत एकेक तांब्या ओतत गेली. मोरीत देव म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी मुरडावं. पोरगं ज्याचं हरवलंय त्याला सगळ्या जागा देवळाच्याच. पिंड बुडाल्यावर तिनं मोरीवर जुन्या लुगड्याचा पडदा लावला. भांडी त्या दिवसापासून गॅलरीत.

मनमाडला खंडेरावाला फार वेळ उभं राहावं लागलं नाही. शिपायानं पायावरचं कापड सरकवलं आणि त्याला उजव्या पायाची करंगळी दिसली, शेजारच्या बोटावर चढून बसलेली, जन्मापासूनची. वरचं कापड काढूच नका म्हणाला. तिथंच अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी राख सावडली, फडक्यात बांधली, नाशिकला उतरून सरळ रामकुंडावर गेला आणि ज्या पाण्यात अख्खा मुलूख आपली माणसं सोडायला येतो तिथं त्यानं आपलं पोरगं एकट्यानं सोडलं. तिथून घराकडं चालताना तो फक्त एकच गोष्ट घोकत होता, की चतुराला सांगायचं कसं.

सांगायची वेळच आली नाही. ती जिन्यात उभी होती. ओल्या धोतराकडं तिनं बघितलं नाही, त्याच्या तोंडाकडं बघितलं, आणि म्हणाली, “आपला नाय ना तो?”

प्रश्नातच उत्तर घालून दिलेलं. खंडेराव म्हणाला, “नाय. आपला नव्हता.”

“मला ठाऊक व्हतं,” ती म्हणाली. “देव पाण्यात हाय तवर त्याला काय होत नाय.” आणि आत जाऊन तिनं त्याला जेवायला वाढलं. तो जेवला. असा माणूस. पोराला जाळून आलेला आणि बायकोनं वाढलेली भाकर खाल्लेला. उद्या सांगू म्हणाला, आणि उद्याचं वर्ष झालं.

वर्षभर ते पाणी मोरीत उभं होतं. रोज सकाळी ती तांब्यानं थोडं उपसायची आणि ताजं घालायची, पिंडीचा माथा उघडा पडू न देता. मोरी बांधलेली असते पाणी वाहून जाण्यासाठी, साठवण्यासाठी नव्हे. बिल्डरनं तर तिथं सिमेंटही हात आखडूनच लावलेलं. पाणी फरशीच्या सांध्यातून उतरलं, स्लॅबमध्ये बसलं, वाट शोधत भिंतीपलीकडं गेलं आणि खालच्या खोलीच्या कोपऱ्यात, अमोलच्या मुलीच्या पाळण्यावर, बाहेर पडलं.

अमोल सातपूरच्या कारखान्यात सुपरवायझर. पोरगा सरळ. आधी गच्चीवर जाऊन टाकी बघून आला. टाकी ठणठणीत. मग झुंबर नावाच्या प्लंबरला घेऊन आला. झुंबरच्या तोंडाला विसावा नव्हता आणि कानावर कायम बिडी. “नीळ हाय का घरात?” त्यानं विचारलं. खंडेरावानं कपड्याची नीळ काढून दिली. झुंबरनं ती बादलीत कालवली, संडास-बाथरूमच्या भोकांत ओतली आणि म्हणाला, “खाली निळं टिपकलं का समजायचं, हितलंच.”

खाली अमोलची बायको रूपाली पोरीला कडेवर घेऊन छताकडं बघत बसली. दुपार गेली, संध्याकाळ झाली, निळं काही टिपकलं नाही. जे टिपकलं ते पांढरं, चुन्याचं. एखादा म्हणाला असता, चला, म्हणजे बाथरूम नाही. झुंबर म्हणाला, “वाळूत गाळली जाती नीळ. बाथरूमच हाय.” आणि दुसऱ्या दिवशी छिन्नी-हातोडा घेऊन हजर.

खंडेरावानं त्याला आपलं बाथरूम फोडू दिलं. काय म्हणावं या माणसाला. चांगल्या फरश्या एकेक निघत होत्या, घरभर धुरळा, आणि हा दारात उभा राहून “हितं बघा, तितं बघा” म्हणत होता, भाजीच्या गिऱ्हाइकाला चांगली जुडी दाखवावी तसा. पाइप निघाला. धड होता. तरीही झुंबरनं तो बदलला आणि मग स्वयंपाकघराकडं वळला.

“आत देव हायेत,” पडद्याच्या पुढून चतुराबाई म्हणाली. “चामडं, बिडी, परकं माणूस, काय चालायचं नाय.”

झुंबरनं बिडी कानावरून काढून खिशात घातली, वहाण आधीच बाहेर होती, आणि उंबऱ्याबाहेरूनच त्यानं पडद्याला हात जोडले. “राहू द्या आई. देवाचं ठिकाण म्हंजे कोरडंच असणार.” अमोलनंही जोडले. मोरी बंद करून तिथं देवघर केलंय, असंच तोही समजला, आणि देवघरात शिरून फरशी ठोकायची हे त्याच्याही मनात आलं नाही. वरच्यांचा मुलगा हरवलाय, मावशी देव-देव करतात, एवढं सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं, आणि त्यांच्या देवाला कोण नख लावणार? खंडेरावाचा जीव भांड्यात पडला. त्याच वेळी त्याला स्वतःची शिसारी आली. दोन्ही खरं.

त्या दिवशी जेवताना त्यानं विषय काढला. “अगं, खाली पाणी जातंय. आपलंच जातंय.”

“मंग?”

“देव घंगाळात ठिऊ. पितळंचं मोठं हाय की. पाण्यातच राहील.”

चतुराबाईनं हातातला घास ताटात ठेवला. “कोंडलेला देव उचलायचा नसतो. उचलला का संपलं. तुमाला पोरगं नको का?”

यावर बाप काय बोलणार? नको म्हणू? तो खाली मान घालून जेवत राहिला. ती मग मवाळ झाली. “मला काय कळत नाय का लोकांची लेकरं? रूपालीची पोर बघितली का माझाच जीव तुटतो. पण अजून थोडं थांबा म्हणा त्यास्नी. लय दिवस झाले, देव आता कट्टाळला असंल. येईलच समाधान.”

खंडेरावाला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपण पोराला नदीत सोडलं ते खरं नाही, ही म्हणते तेच खरं. ते वाटणं क्षणभरच टिकलं, पण फार गोड होतं.

खाली अमोलनं पाळणा दुसऱ्या भिंतीला हलवला. ओल तिकडं गेली. बटणांच्या पाटीला हात लावला की झिणझिण्या येऊ लागल्या, तेव्हा त्यानं त्या खोलीची वीजच तोडली. वेदिकेला, म्हणजे त्या पोरीला, खोकला धरला. डॉक्टर म्हणाले घरात ओल आहे का. रूपालीनं वर येऊन भांडण केलं असतं तर खंडेरावाला बरं वाटलं असतं. ती भांडली नाही. हरवलेल्या मुलाच्या आईशी काय भांडायचं, असं तिचं म्हणणं. उलट संक्रांतीला तिळगूळ घेऊन आली.

आणि मग छत पडलं. सगळं नाही, टोपलीभर गिलावा. दुपारची वेळ होती. वेदिका रडायला लागली म्हणून रूपालीनं तिला पाळण्यातून उचललं, दारापर्यंत गेली, आणि मागं धप्प आवाज झाला. पाळण्याची दोरी तुटली होती आणि दुपट्यावर सिमेंटचं ढेकूळ बसलं होतं. वरती सळ्या दिसत होत्या, गंजलेल्या.

रूपाली ते ढेकूळ हातात घेऊन वर आली. दार खंडेरावानं उघडलं. तिचा आवाज हळू होता. “काका, ती त्यात असती तर?”

खंडेरावानं ते ढेकूळ तिच्या हातातून घेतलं.

“काका, मी तुमच्या पाया पडते. कुठून येतंय ते शोधा. मला एकच मुलगी आहे.”

ती गेल्यावर खंडेराव चपला घालून बाहेर पडला. मखमलाबाद रस्त्यानं चालत नाक्यापर्यंत गेला आणि परत आला. त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगायला फार लागत नाही. मेलेल्या पोरापायी जितं पोर मरणार होतं. देव बाहेर काढायलाच हवा होता. तो बाहेर काढायला दोनच वाटा. एक, चतुराला सांगायचं की काम होणार नाही, झालेलं नाही, ज्याच्यासाठी कोंडलास तो रामकुंडात आहे. ही वाट धरायला छाती लागते. दुसरी वाट, काम झालं म्हणून सांगायचं.

खंडेरावानं दुसरी धरली. शहाण्या माणसालाही कधी कधी वाटतं की आजचा दिवस निभला म्हणजे निभलं. देव बाहेर येऊ दे, मोरी वाळू दे, मग सांगू की पोरगं वाटेतूनच परत गेलं, तिकडंच कामाला लागलं, पुढच्या दिवाळीला येतो म्हणालं. एकदा जिवंत केलेलं पोरगं लांबून जिवंत ठेवता येईल, असा त्याचा भाबडा बेत.

घरात शिरता शिरता तो म्हणाला, “चतुरा, समाधानचा फोन आला व्हता. किराणावाल्याकडं.”

ती तांदूळ निवडत होती. सूप तसंच मांडीवर राहिलं.

“सुरतंला व्हता म्हणे. कापडाच्या कारखान्यात. येतो म्हणला. उद्या दुपारच्या गाडीनं, मनमाडावरून.”

तिनं रडायला हवं होतं, धावत यायला हवं होतं. ती बसल्या जागी म्हणाली, “आवाज कसा व्हता?”

“बसल्यावानी. थंडीचा.”

“माझ्याबद्दल काय म्हणला?”

आता थांबणं शक्य नव्हतं. “म्हणला, आईला म्हणावं शेवग्याच्या शेंगांचं कालवण कर. अन् बाजरीची भाकर.” हे बोलताना खंडेरावाला तो आवाज खरोखरच ऐकू आला, फोनमधला, खरखरता, आणि त्याचे डोळे भरले. चतुराबाईनं ते डोळे बघितले आणि मग ती रडली. तिला दुसरा पुरावा कशाला हवा होता?

सकाळी आंघोळ करून तिनं पडदा काढला. न्हाणीतला बोळा कडक झाला होता, विळ्याच्या टोकानं खरवडून काढावा लागला. वर्षाचं पाणी घुरघुरत निघून गेलं. पिंडीवर हिरवट शेवाळ धरलं होतं. तिनं नारळाच्या काथ्यानं ते घासलं, पिंड पुसली, बेल वाहिला आणि तिला देवघरात फळीवर ठेवून म्हणाली, “लय तरास दिला तुला. माफ कर बाबा.” मग खाली जाऊन रूपालीला सांगून आली. रूपालीनं तिला मिठी मारली म्हणे. आपल्या छताचं तिनं नावसुद्धा काढलं नाही.

खंडेराव पिशवी घेऊन निघाला. स्टेशनवर जाऊन दोन तास बसायचं आणि एकटं परत यायचं, एवढंच करायचं होतं.

“थांबा,” चतुराबाई म्हणाली. ती नवं लुगडं नेसून, हातात डबा घेऊन उभी होती. “मी बी येते. गाडीत भुकेला असंल.”

“तू कशाला? गर्दी असती.”

“माझं पोरगं येतंय अन् मी घरी बसू?”

नाशिकरोडला दुपारची गाडी आली. चतुराबाई डब्याडब्यापाशी धावली, उतरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत. गाडी गेली. “पुढच्या गाडीत असंल,” ती म्हणाली. खंडेराव म्हणाला, “असंल.” पुढची आली, गेली. त्याच्या पुढची आली. ऊन कलंडलं. तो दोनदा म्हणाला, चल, काम निघालं असेल, उद्या येईल. ती हलेना. तिसऱ्यांदा म्हणायला तो वळला तर ती बाकावर नव्हती.

ती चौकशीच्या खिडकीपाशी होती. पोरगं वर्षानं येतंय, आम्हाला ओळखलं नसेल, असं काहीतरी आतल्या माणसाला हात जोडून सांगत होती. माणूस भला होता. त्यानं मान डोलावली आणि भोंगा खरखरला. “समाधान खंडेराव मंडलिक. समाधान खंडेराव मंडलिक. आपण जिथे कुठे असाल तिथून चौकशी खिडकीजवळ यावे. आपले आईवडील आपली वाट पाहत आहेत.”

ते नाव साऱ्या फलाटावर फिरलं. हमाल, चहावाले, पोत्यांवर बसलेली माणसं, सगळ्यांनी ऐकलं. एक-दोघांनी मागं वळून बघितलं, कोण येतंय म्हणून. चतुराबाईही बघत होती, चवड्यावर उभी राहून. खंडेराव तिच्या पायाशी फलाटावरच बसला.

“चतुरा, खाली बस. तो यायचा नाय. फोन आला नव्हता. मागल्या साली मनमाडला मी बघितला तो आपलाच व्हता. पायाची करंगळी बघितली मी. तितंच अग्नी दिला.”

भोंगा पुन्हा एकदा बोलला. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग डबा जमिनीवर ठेवून त्याच्यासमोर बसली.

“अन् देव?” ती म्हणाली.

“कोणता देव?”

“तुम्ही आज देव काढायला लावला.”

“खालची पोर मेली असती गं. म्हणून मी खोटं...”

“सकाळपावतर देव पाण्यात व्हता,” ती सावकाश म्हणाली, स्वतःलाच समजावत असल्यासारखी. “म्हंजे सकाळपावतर समाधान व्हता.”

“अगं येडी का काय तू? वर्ष झालं. माझ्या हातानं मी...”

“वर्षभर तुम्हीच म्हणत व्हता, आपला नव्हता. रोज म्हणत व्हता. रोज माझ्या हातचं जेवत व्हता. तसं असतं तर जेवला असता का तुम्ही?”

खंडेरावानं जमिनीवरचा डबा उचलून पिशवीत घातला.

सुतक त्याच दिवसापासून धरलं. दहावं त्याच दिवसापासून मोजलं. भाऊ आले, भावजया आल्या. खंडेरावानं थोरल्या भावाला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, आता तिला धरू दे जे धरायचं ते. बाईमाणसाचं डोकं फिरायला वेळ लागत नाही. खंडेराव मान हलवून परत आपल्या जागी जाऊन बसला.

तेराव्यानंतर रूपाली भेटायला आली, वेदिकेला खाली सासूपाशी ठेवून. कोपऱ्यातली ओल सुकत चालली होती, अमोल सिमेंटवाला बघून आला होता, पण ती त्यातलं काहीच बोलली नाही. चतुराबाईचा हात धरून बसली. मग तिनं विचारलं, “मावशी, असं अचानक कसं झालं हो? येणार होता ना?”

“येणारच व्हता,” चतुराबाई म्हणाली. “देव पाण्यात व्हता ना त्याच्यासाठी. यांनी काढायला लावला. सकाळी काढला, अन् दुपारी पोरगं गेलं.”

रूपालीला काही कळलं नाही. तिनं भिंतीशी बसलेल्या खंडेरावाकडं बघितलं. तो करंगळीबद्दल सांगू शकला असता, मनमाडबद्दल, रामकुंडाबद्दल. साक्षीला शिपाई होता, चौकी होती. पण चतुराबाईही त्याच्याकडं बघत होती, आणि तिच्या हिशेबात समाधान आणखी एक वर्ष जगला होता.

“हो,” खंडेराव म्हणाला. “मीच काढायला लावला.”